जीपमधून रणगाडा कसा फुटतो?

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. शाळेत पंधरा ऑगस्टच्या भाषणांची तयारी चालू होती. आमच्या उर्दू शाळेत दरवर्षी एक भाषण ठरलेलं असतं, वीर अब्दुल हमीद यांच्यावरचं. ते लिहून द्यायचं काम माझं. दहा-बारा ओळींचं भाषण. जन्म गाझीपूर जिल्ह्यातला, १९६५ च्या युद्धात पॅटन रणगाडे उडवले, शहीद झाले, परमवीर चक्र मिळालं, जय हिंद. गेली पंधरा वर्षं मी हेच लिहून देते. फक्त भाषण करणारं मूल बदलतं.

या वेळी सहावीतली एक मुलगी होती. पाठ करता करता थांबली आणि म्हणाली, "आपा, ते जीपमध्ये होते ना? मग जीपमधून रणगाडा कसा फुटतो?"

मला उत्तर देता आलं नाही. "तोफ होती जीपवर," एवढं म्हणून मी वेळ मारून नेली. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. ज्या माणसाचं नाव पंधरा वर्षं मुलांच्या तोंडी घातलं, त्यानं नेमकं काय केलं हे मला माहीत नव्हतं. मला फक्त त्याचं नाव हवं होतं. का हवं होतं, ते पुढे सांगते.

मग मी वाचायला बसले.

अब्दुल हमीद यांचा जन्म १ जुलै १९३३ चा, उत्तर प्रदेशातल्या धामूपूर गावचा. घरात शिलाईकाम चालायचं, तेही हात लावायचे. १९५४ च्या डिसेंबरात ते ग्रेनेडियर्स रेजिमेंटमध्ये भरती झाले. १९६२ मध्ये चीनविरुद्ध ईशान्य सीमेवर लढले. १९६५ साली ते ४ ग्रेनेडियर्स बटालियनमध्ये कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार होते. म्हणजे कंपनीचं रेशन, कपडे, सामानसुमान यांचा हिशेब ठेवणारे. पण त्याआधी पाच वर्षं त्यांनी रणगाडाविरोधी तोफेवर काम केलं होतं आणि बटालियनमध्ये त्यांच्याइतका नेम कुणाचा नव्हता. युद्ध सुरू झाल्यावर त्यांना कोठारातून पुन्हा त्या तोफेवर बोलावलं गेलं. ही गोष्ट मी कधी मुलांना सांगितली नव्हती. शौर्य एका सकाळी दिसलं, पण हात पाच वर्षं तयार होत होता.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. जीपवरची ती १०६ मिलिमीटरची 'रिकॉइललेस' तोफ होती. साधी तोफ उडाली की मागे जोराचा झटका देते, तो सोसायला जड गाडा लागतो. या तोफेत स्फोटाचा वायू मागच्या बाजूनं बाहेर सोडतात, त्यामुळे झटका जवळजवळ नाहीसा होतो आणि हलक्या जीपवरही ती बसवता येते. पण याची किंमत असते. मागून आगीचा लोळ आणि धुळीचा ढग उठतो. एक गोळा डागला की तुम्ही कुठे आहात ते शत्रूला कळलंच. जीपला चिलखत नाही. म्हणून लपून बसायचं, रणगाडा पुरेसा जवळ येईपर्यंत श्वास रोखून धरायचा, एका गोळ्यात काम करायचं आणि ताबडतोब जागा बदलायची.

अब्दुल हमीद यांनी हेच केलं. पंजाबातल्या खेमकरण भागात, चीमा गावाच्या पुढे, उसाच्या उंच शेतांच्या आडोशानं. १० सप्टेंबरच्या सकाळी आठच्या सुमारास पॅटन रणगाड्यांचा हल्ला आला. त्यांनी पुढचा रणगाडा फोडला, जागा बदलली, दुसरा फोडला. तोवर शत्रूनं त्यांची जीप हेरली होती. तरी ते पुढच्या रणगाड्यावर नेम धरून राहिले आणि तोफगोळ्यानं शहीद झाले. वय बत्तीस. त्यांची कबर तिथेच, असल उत्तर गावाजवळ आहे. २६ जानेवारी १९६६ रोजी त्यांच्या पत्नी रसूलन बीबी यांनी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून परमवीर चक्र स्वीकारलं.

पण एकटी जीप लढाई जिंकत नाही. ती जीप तिथे का उभी होती, हे समजल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

पाकिस्तानच्या आर्मर्ड डिव्हिजनचा बेत मोठा होता. खेमकरणमधून मुसंडी मारून बियास नदीच्या पुलाकडे जायचं आणि अमृतसर तोडायचं. समोर होती आपली ४ माउंटन डिव्हिजन. तिची सुरुवात वाईट झाली होती. तिचा स्वतःचा हल्ला फसला, काही तुकड्या विस्कळीत झाल्या, खेमकरण हातचं गेलं. ७ सप्टेंबरला मागे सरून डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल गुरबक्षसिंग यांनी असल उत्तरजवळ नवी जागा धरली. रणगाडे आणि तोफा घोड्याच्या नालेच्या आकारात लपवले. तोंड उघडं ठेवलं. आणि कालव्याचं पाणी शेतांत सोडलं.

हे शेवटचं आपल्या वणीकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पाऊस लागलेल्या सप्टेंबरात आपल्या काळ्या रानात ट्रॅक्टर घातला तर काय होतं ते आपण बघतो. चाळीस-पंचेचाळीस टनांचा पॅटन त्या चिखलात रुतला. वळायला जावं तर ऊस, पुढे जावं तर पाणी. आणि तिन्ही बाजूंनी मारा. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत पाकिस्ताननं सुमारे ९७ रणगाडे गमावले. कितीतरी रणगाडे चिखलात उभेच्या उभे सापडले. सगळंच जिंकलं असंही नाही. खेमकरण गाव युद्धबंदी होईपर्यंत परत घेता आलं नाही. पण अमृतसर वाचलं.

या लढाईत आपल्या महाराष्ट्राचाही माणूस होता. अलिबागचे लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य. ते डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे प्रमुख होते, आणि त्यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले जुने शेरमन रणगाडे होते. तेच पुढे १९८३ मध्ये लष्करप्रमुख झाले आणि १९८६ मध्ये पुण्यात त्यांची हत्या झाली. थर्ड कॅव्हलरीचे प्रमुख सलीम कॅलेब आणि रणगाडा ब्रिगेडचे प्रमुख थिओगराज हे दोघे ख्रिस्ती. अब्दुल हमीद आपले. समोरच्या रणगाड्यांत बसलेलेही बहुतेक कलमा पढणारेच होते, हे लपवण्यात अर्थ नाही. ते युद्ध दोन देशांचं होतं. शेतात पाणी सोडताना किंवा नेम धरताना कुणी कुणाचा धर्म विचारत नव्हतं. विचारायचं एवढंच होतं, की तुझी जागा कोणती आणि तू तिथे आहेस ना.

आणि वर बसलेल्यांचं काय? पश्चिम विभागाचे सेनापती होते लेफ्टनंट जनरल हरबक्षसिंग. लढाई ऐन भरात असताना लष्करप्रमुख जनरल चौधरी यांनी सैन्य बियासच्या मागे घ्यायला सांगितलं, आणि आपण त्याला नकार दिला, असं हरबक्षसिंग यांनी लिहून ठेवलं आहे. त्यांचे तेव्हाचे एडीसी अमरिंदरसिंग हेही तेच सांगत आले आहेत. मागे हटलं असतं तर अमृतसर गेलं असतं. हरबक्षसिंग यांची हिंमत हवेतून आली नव्हती. ते स्वतः आघाडीवर जाऊन आले होते, जमीन आणि माणसं बघून आले होते. संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. १९६२ च्या पराभवानंतर त्यांना मुंबईहून दिल्लीला बोलावलं गेलं. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा वायुदल वापरायचा निर्णय त्यांनी फार वेळ न दवडता घेतला. पण रणगाडा कुठे उभा करायचा, हे सांगायला ते गेले नाहीत. ज्याचं काम त्याच्यावर सोडणं, हाही नेतृत्वाचाच भाग आहे.

वाचताना मला खंदकाची लढाई आठवली. हिजरी सन ५. मदिनेवर मोठं सैन्य चालून येत होतं. हजरत सलमान फारसी (र.) यांनी इराणातली रीत सांगितली, शहराच्या उघड्या बाजूला खंदक खणायची. अरबांना ती नवी होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाहेरून आलेल्या माणसाचा सल्ला मानला आणि स्वतः माती उपसली. आणि त्याआधीची उहुदची लढाई आपल्या मुलांना मकतबमध्येच शिकवतात. टेकडीवर नेमलेल्या पन्नास तिरंदाजांपैकी बरेच जण लढाई संपली असं समजून जागा सोडून उतरले आणि हाती आलेला विजय निसटला. जमीन आधी तयार करणं, सल्ला कुणाचाही असो तो ऐकणं, आणि नेमलेली जागा न सोडणं. सुरक्षेचे धडे इतके जुने आहेत.

आता मघाची गोष्ट. मला अब्दुल हमीद यांचं फक्त नाव का हवं होतं?

कारण ते मला दाखला म्हणून वापरायचं होतं. जसा रहिवासी दाखला, जातीचा दाखला, तसा वफादारीचा दाखला. कुणी तिरकस बोललं, की आपण खिशातून काढतो, "आमचे अब्दुल हमीद बघा." मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी कर्नल सोफिया कुरेशी दूरदर्शनवर माहिती द्यायला बसल्या, तेव्हा माझ्याही फोनवर दिवसभर त्यांचे फोटो येत होते. मीही पुढे पाठवले. पण याच सोफिया कुरेशी यांनी २०१६ मध्ये पुण्यात अठरा देशांच्या संयुक्त सरावात भारतीय तुकडीचं नेतृत्व केलं होतं, आणि अशा सरावात तुकडीचं नेतृत्व करणाऱ्या त्या भारताच्या पहिल्या महिला अधिकारी होत्या. तेव्हा महाराष्ट्रातच असून मला ते माहीत नव्हतं. दाखला लागला तेव्हाच त्या मला सापडल्या. त्यांचं काम मात्र आधीपासून चालूच होतं.

दाखला मागणाऱ्याची चूक आहेच. पण देणाऱ्यानं माणसाचा कागद करावा, हीही चूक आहे. पंधरा वर्षं मी ती करत होते.

हे सगळं डोक्यात असतानाच एक माउली शाळेत आली. तिचा मुलगा माझा जुना विद्यार्थी, नवरा कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. पोरगा पहाटे उठून वरोरा रोडवर धावतो, त्याला अग्निवीर व्हायचंय. "आपा, तो तुमचंच ऐकते. समजवा ना त्याले," ती म्हणाली. मग हळूच, "अन् तिथं त्याले कोणी आपला म्हनन का?"

एक महिन्यापूर्वी मी तिला अब्दुल हमीद यांचं नाव सांगून वाटेला लावलं असतं. या वेळी मी तिला बसवलं. सांगितलं, की लढाईत माणसाला आपलं करणारी गोष्ट त्याचं काम असते. तोफ चालवणाऱ्याच्या भरवशावर पायदळ असतं आणि पायदळाच्या भरवशावर तोफ. बाहेरच्या जगाची हमी मी देऊ शकत नाही, हेही सांगितलं. आणि व्यवहारही सांगितला. अग्निवीरची नोकरी चार वर्षांची आहे, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होतात. बाकीचे सेवानिधी घेऊन परत येतात, साधारण पावणेबारा लाख रुपये. म्हणून बारावी पुरी करूनच जावं, परत यायची वेळ आली तर हाती शिक्षण हवं.

धाकटा दहावीत आहे, तर त्याला दुसरी वाट आहे. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून चालते. दहावीनंतर तिथे निवड होते, अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी होते आणि मुलगा थेट अधिकारी होऊ शकतो. मुलींसाठी अशी संस्था नाशिकला आहे, आणि खडकवासल्याची एनडीए २०२२ पासून मुलींनाही घेते. १९७८ ते १९८१ या काळात वायुदलप्रमुख असलेले आणि नंतर आपल्या राज्याचे राज्यपाल झालेले इद्रिस हसन लतीफ हेही एके काळी अर्ज भरणारा एक मुलगाच होते. आपल्या घरांत या परीक्षांचे अर्जच भरले जात नाहीत. न भरलेल्या अर्जाचा दोष कुणाला देणार?

देशाचं रक्षण फक्त सीमेवर होतं असंही नाही. वर्धा नदी ओलांडली की भद्रावतीला दारूगोळ्याचा कारखाना आहे. तिथे पाळीवर जाणारा कामगार, कोळसा नेणारा हिचा नवरा, यांच्यावरही सीमेवरची तोफ उभी असते.

ती काही बोलली नाही. उठताना एवढंच म्हणाली, "बारावी करून जाऊ द्या मंग." पोरगा अजून धावतो. आता अभ्यासालाही बसतो, असं कळतं.

येत्या पंधरा ऑगस्टचं भाषण मी नव्यानं लिहिलं आहे. त्यात कोठार सांभाळणारा हवालदार आहे, पाच वर्षांचा सराव आहे, शेतात सोडलेलं पाणी आहे, मागे हटायला नकार देणारा सेनापती आहे आणि अलिबागचे वैद्यही आहेत. ते करणार आहे तीच मुलगी. ती आता सातवीत आहे. भाषण हातात पडताच तिनं वाचलं आणि विचारलं, "आपा, ते पाणी रात्रीत किती शेतांत पोहोचलं असेल?"

मी पुन्हा वाचायला बसले आहे.