खाडीवरची सफर

तुमच्या गावचे कोणी ना कोणी चेंबूरला असेलच. कुणाचा भाऊ असेल, कुणाची आत्या असेल, कुणाचा जावई असेल. त्याच्याकडे पाहुणे म्हणून गेलात, तर तो तुम्हांला काय दाखवतो? राणीची बाग दाखवतो. चौपाटी दाखवतो. उंच उंच इमारती दाखवतो. पाय दुखेपर्यंत हिंडवतो आणि रात्री गाडीत बसवून देतो. पण चेंबूरच्या अगदी पाठीशी एक नवल आहे. ते चेंबूरच्या पुष्कळ लोकांनीसुद्धा पाहिलेले नाही.

ते नवल म्हणजे खाडी. खाडी म्हणजे जमिनीत शिरलेला समुद्राचा हात. मुंबईच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. चेंबूर, ट्रॉम्बे, माहुल ही गावे तिच्याच आसऱ्याने वसली. गावे म्हटले म्हणून हसू नका. आज तेथे तेलाचे कारखाने आहेत, अणुसंशोधनाचे मोठे केंद्र आहे, रेल्वे आहे. पण मुळात ती गावेच. चेंबूर हे नाव चिंबोरीवरून पडले असे सांगतात. चिंबोरी म्हणजे खेकडा. ट्रॉम्बेला आणि माहुलला कोळीवाडे अजून आहेत. होड्या आहेत, जाळी आहेत.

या खाडीवर दर हिवाळ्यात पाहुणे येतात. ते आगगाडीने येत नाहीत, उडत येतात. त्यांना मराठीत रोहित म्हणतात. अग्निपंख असेही म्हणतात. इंग्रजी नाव फ्लेमिंगो. नाव काहीही घ्या, पक्षी बघण्यासारखा आहे. काडीसारखे लांब पाय, दोरीसारखी लांब मान आणि अंगावर गुलाबी रंग. मोठा रोहित चार-साडेचार फूट उंच असतो. धाकटा रोहित तीन फुटांच्या आसपास. पंख मिटलेले असले तर रंग फिका वाटतो. पंख उघडले की आतला लाल रंग दिसतो. हजारो पक्षी एकदम उठले म्हणजे जणू कुणी आभाळात गुलाल उधळला.

हा रंग त्याला जन्मतः नसतो बरे का! पिल्लू राखाडी असते. रोहित चिखलातले बारीक शेवाळ आणि कोळंबीसारखे इवले जीव खातो. त्या खाण्यात रंग असतो. तो हळूहळू पिसांत उतरतो. खाणेही मजेचे. तो डोके उलटे करून चोच पाण्यात घालतो. पाणी आत ओढतो आणि बाहेर टाकतो. खाणे आतल्या चाळणीत अडकते. आपल्या घरी बाया पीठ चाळतात, तसेच हे.

हे पक्षी मुख्यतः गुजरातेतल्या कच्छच्या रणातून येतात. तिकडे ते चिखलाचे उंचवटे करून त्यावर घरटे घालतात. एका घरट्यात अंडे एकच. मुंबईला ते फक्त पोट भरायला येतात. म्हणजे आपल्यासारखेच. १९९० नंतर त्यांची संख्या येथे फार वाढली. २०१९ मध्ये मोजणी झाली तेव्हा ते लाखाच्या वर भरले.

एवढे पक्षी या मळक्या खाडीत का येतात? येथे एक अवघड गोष्ट आहे. शहराचे सांडपाणी खाडीत जाते. त्या सांडपाण्याच्या खताने चिखलावर शेवाळ माजते आणि त्या शेवाळावर रोहित जगतो, असे अभ्यासक सांगतात. पण त्याच घाणीने मासळी कमी झाली. कारखान्यांच्या पाण्यानेही भर घातली. म्हणजे ज्या पाण्याने पाहुण्याचे ताट भरले, त्याच पाण्याने कोळ्याचे जाळे रिकामे केले. रोहित पाहून टाळ्या पिटणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

आता सफारीबद्दल बोलू. सफारी हा शब्द ऐकून घाबरू नका. आपला सफर आणि ही सफारी, दोन्ही एकाच अरबी शब्दाची लेकरे. अर्थ प्रवास. पूर्वी साहेब लोक आफ्रिकेत बंदुका घेऊन शिकारीला जात, त्याला सफारी म्हणत. आता बंदूक गेली. आता जनावर, पक्षी, झाडे डोळ्यांनी बघायची, तिथल्या माणसांच्या घरचे खायचे, त्यांच्याकडून चार गोष्टी ऐकायच्या आणि कुठलीही खूण मागे न ठेवता परत यायचे. याला आता सफारी म्हणतात.

ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये सरकारने रोहित पक्ष्यांसाठी राखून ठेवला. तो सुमारे १७ चौरस किलोमीटर आहे. २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचे नाव गेले. खाडीच्या पलीकडे ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन विभागाचे केंद्र आहे. हंगामात तेथून होडीने रोहित दाखवायला नेतात.

होडी कधी निघते? रोज एकाच वेळी निघत नाही. ती भरती-ओहोटीवर चालते. घड्याळ पाहून खाडीवर गेलात तर फसाल. तिथी पाहून जा. कोकणात जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याला तीनाने गुणा आणि चाराने भागा. जो आकडा येईल, त्या वाजता पूर्ण भरती. आज चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, बाराला चाराने भागले, तीन आले. म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सहाच्या सुमाराला. सकाळीही आणि संध्याकाळीही. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. थोडे मागेपुढे होते, पण माणूस पार चुकत नाही. शाळेचे तोंड न पाहिलेले कोळी आजोबा हा हिशेब बोटांवर करत. आपण आता आकडे शिकलो आहोत. पंचांग घ्या आणि करून बघा.

पाणी उतरू लागले की चिखल उघडा पडतो आणि रोहित त्यावर चरायला येतात. पण पाणी फार उतरले तर होडी रुतते. म्हणून मधली वेळ साधावी लागते. ती साधणे हेच होडीवाल्याचे कसब.

होडीत बसलात की कडेला हिरवी भिंत दिसेल. ती खारफुटीची झाडे. तिवर, कांदळ, चिप्पी अशी त्यांची नावे. तिवराच्या भोवती चिखलातून खिळ्यांसारखी मुळे वर आलेली दिसतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळे वर काढून श्वास घेते. तिवराचे पान चाटून बघा. खारट लागेल. जास्तीचे मीठ ते पानावाटे बाहेर टाकते. कोळंबी आणि माशांची पिल्ले या मुळांत वाढतात. वादळाची लाट आली तर पहिला मार हीच झाडे खातात. पूर्वी लोक ती सरपणाला तोडत, भराव घालून बुजवत. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तोडणीला मनाई केली. २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. या झाडीत कोल्हेही राहतात. मुंबईत कोल्हे! दिसलेच तर लांबून बघा. खायला टाकू नका. जवळ तर मुळीच जाऊ नका.

पक्षी जवळ आले की होडीवाला यंत्र बंद करतो. त्या वेळी गप्प बसावे. काही लोक टाळ्या वाजवतात, ओरडतात. का? तर पक्षी उडाले की फोटो छान येतो. पण पक्ष्याला उडायला ताकद लागते. ती ताकद त्याने घासाघासाने जमवलेली असते. पुढे त्याला कच्छपर्यंत जायचे असते. आपण जेवायला बसलो आणि कुणी दर दहा मिनिटांनी पाटावरून उठवले तर कसे वाटेल?

पक्षी पाहून झाले. आता माणसे. कोळीवाड्यात जायचे ते पाहुण्यासारखे जायचे. बाईमाणसाचा फोटो काढण्याआधी विचारायचे. उन्हात बोंबील वाळत घातलेले दिसतील. नाक दाबू नका. ते त्यांचे पीक आहे. तुमच्या खळ्यावर कुणी नाक दाबले तर चालेल का? ओहोटीला कोळणी गुडघाभर चिखलात उतरून निवट्या, कालवे, चिंबोऱ्या काढतात. बिळाच्या तोंडावरून आत कोण आहे हे त्या ओळखतात. ही विद्या कुठल्या पुस्तकात नाही. कोळणीकडून सुकी मासळी विकत घ्या. भाव करा, पण फार घासाघीस नको.

खरा प्रश्न पैशाचा आहे. पाहुणे येतात, पैसे खर्च करतात. ते पैसे कोणाच्या हाती जातात? होडी कोणाची? जेवण कोणाच्या चुलीवरचे? वाट दाखवणारा कोण? बाहेरचा शेठ येऊन जमीन घेतो, तंबू ठोकतो, भोंगा लावतो, आचारी शहरातून आणतो. गावाच्या वाट्याला येते ती ओझी वाहण्याची मजुरी आणि दुसऱ्या दिवशीचा कचरा. असली सफारी आली काय आणि न आली काय!

पण दुसऱ्या तऱ्हेनेही होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ले आहे. तेथे मांडवी खाडी आहे. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या काही बायांनी स्वामिनी नावाचा बचत गट केला. २०१७ मध्ये त्यांनी पाहुण्यांना खारफुटी दाखवायला सुरुवात केली. होडी त्या स्वतः वल्हवतात. यंत्र नाही, आवाज नाही, धूर नाही. खारफुटीच्या जाती त्यांनी शिकून घेतल्या. पक्ष्यांची नावे शिकून घेतली. मासळी निवडणाऱ्या बाया आता शहरातल्या शिकलेल्या लोकांना झाडे समजावून सांगतात आणि ते लोक कान देऊन ऐकतात.

चेंबूरच्या खाडीवर रात्री मुक्काम करता येत नाही. चिखलात तंबू कुठे ठोकणार? मुक्कामाची सफर करायची तर रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास गाव आहे, तिकडे जावे. नाना फडणवीसांचे हे गाव. येथल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्री कासवीण रात्री वर येते. वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारते आणि निघून जाते. पुन्हा पिल्लांचे तोंड बघत नाही. पूर्वी ही अंडी लोक खात, विकत. उरलेली कुत्री आणि कोल्हे खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन राखण सुरू केली. अंडी अलगद काढतात आणि जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात पुरतात. पन्नासेक दिवसांनी वाळू हलू लागते आणि पिल्ले बाहेर येतात. सकाळ-संध्याकाळ त्यांना पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात. पुढचा रस्ता ती आपल्या पायांनी कापतात.

२००६ मध्ये गावाने कासव महोत्सव सुरू केला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात. चटईवर, ओसरीवर झोपतात. घरधनीण जे रांधते ते खातात. कुठे उकडीचे मोदक, कुठे सोलकढी. पैसे त्या घराला मिळतात. जी अंडी एकदा खाऊन संपायची, तीच राखली तर वर्षानुवर्षे घर चालायला हातभार लागतो, हे गावाला पटले. नुसता कायदा सांगून हे झाले नसते. कायदा तर १९७२ पासून आहे.

तुमच्या गावात असे काही करायचे मनात असेल, तर आधी गावसभेत बसून ठरवा. कोणाच्या घरी किती पाहुणे उतरवायचे? पाळी कशी लावायची? भाव सगळ्यांचा एकच ठेवा, नाहीतर भावाभावांत भांडणे लागतील. संडास हवा. प्यायला स्वच्छ पाणी हवे. पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या पाहुण्यांनी परत न्याव्यात, हे आधीच बजावा. तंबू ठोकलाच तर झाड तोडू नये, ओल्या लाकडाची शेकोटी करू नये. दिवे मंद ठेवावेत. कासवाचे पिल्लू समुद्राचा उजेड पाहून चालते. किनाऱ्यावर झगझगीत दिवा लावला तर ते उलटे गावाकडे चालू लागते आणि मरते. आणि हिशेबाची वही ठेवा. ती चारचौघांसमोर वाचून दाखवा. आता आपल्याला वाचता येते ना?

गर्दीही मापात हवी. चार पाहुणे आले तर सगळ्यांना बरे. चारशे आले तर विहीर आटते आणि पक्षीही पळतो.

चेंबूरकडे परत येऊ. रोहितांचे दिवसही सोपे राहिलेले नाहीत. शिवडीहून समुद्रावरून लांबच लांब पूल झाला. तो २०२४ च्या जानेवारीत खुला झाला. त्याच वर्षी मे महिन्यात एका रात्री घाटकोपरजवळ उतरणाऱ्या विमानाला रोहितांचा थवा धडकला. सुमारे चाळीस पक्षी मेले. लोकांनी घरांच्या आसपास पडलेले पक्षी पाहिले.

मे संपत आला की रोहित निघायची तयारी करतात. ते पुष्कळदा रात्रीचे उडतात. चेंबूरला गच्चीवर झोपला असाल तर वरून बदकांसारखा कलकलाट ऐकू येईल. दिसत काही नाही. त्याच सुमाराला पावसाळ्याची मासेमारी बंद होते, कोळी होड्या वर ओढून घेतात आणि जाळी दुरुस्त करायला बसतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की होड्या पुन्हा पाण्यात. रोहित मात्र दिवाळी उलटल्यावर येतात.