दोन दिवसांत उजळलेले घर आणि भिंतीआडची ओल

रात्रीची जेवणे उरकली, की वसई-विरारमधल्या अनेक घरांत पडद्यावर दुसऱ्याच कुणाचे तरी घर मोडू लागते. हातोड्याने भिंत पडते, सुतार रात्रभर खपतात आणि जाहिराती संपता संपता डोळ्यांवरची पट्टी सोडलेले घरमालक आपल्याच दिवाणखान्याकडे भान हरपून पाहू लागतात. गृहसजावट आणि नूतनीकरणाच्या स्पर्धांचे हे कार्यक्रम पूर्वी केबलवर दिसत. आता ते मोबाइलवरही आले आहेत. त्यांच्याविषयी प्रेक्षकांत मात्र सरळ दोन तट आहेत. एकाच्या मते, घर नीटनेटके कसे ठेवावे, कोपरा न् कोपरा कसा वापरावा, हे या कार्यक्रमांनी मध्यमवर्गाला शिकवले. दुसऱ्याच्या मते हा सारा नुसता देखावा. दोन पावसाळे गेल्यावर त्या घराचे काय झाले, हे कुणी दाखवत नाही.

या वादाचे मूळ कार्यक्रमांच्या घडणीतच आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९९६ साली ‘चेंजिंग रूम्स’ सुरू केला. शेजाऱ्यांनी घरांची अदलाबदल करायची आणि दोन दिवसांत, ५०० पौंडांत एकमेकांची एकेक खोली सजवायची, असा त्याचा नियम होता. त्याच धर्तीवर अमेरिकेत २००० साली ‘ट्रेडिंग स्पेसेस’ आला; तेथे मर्यादा दोन दिवस आणि एक हजार डॉलरची होती. ऑस्ट्रेलियातील ‘द ब्लॉक’ने २००३ मध्ये त्यात बाजारभावाची भर घातली. चार जोडप्यांनी सदनिका नव्याने सजवायच्या, अखेरीस त्यांचा लिलाव व्हायचा आणि ठरलेल्या किमतीवरचा नफा त्या जोडप्याचा. घर राहण्याची जागा न उरता गुणांकनाची वस्तू झाली, हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे.

गाजलेले भाग फसलेल्या कामांचेच

प्रेक्षकांना या कार्यक्रमांतले जे भाग वर्षानुवर्षे आठवतात, ते बहुधा फसलेल्या कामांचे असतात. ‘चेंजिंग रूम्स’च्या एका भागात टांगत्या फळ्या कोसळून घरमालकिणीच्या जुन्या, मौल्यवान किटल्यांचा संग्रह फुटला. ‘ट्रेडिंग स्पेसेस’मध्ये एका गृहिणीने आपल्या विटांच्या शेकोटीला हात लावू नये, असे बजावले होते, तीच शेकोटी झाकलेली पाहून ती खोलीबाहेर गेली आणि तिचे रडणे ध्वनिक्षेपकातून साऱ्या देशाने ऐकले. ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर : होम एडिशन’मध्ये तर गरजू कुटुंबांना आठवडाभरात नवे घर बांधून मिळे. पुढे वाढलेली वीजबिले आणि मालमत्ता कर न पेलल्याने त्यांतील काही कुटुंबे अडचणीत आल्याच्या बातम्या झळकल्या. घर देखणे असणे आणि ते परवडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून उघड झाले.

मराठी प्रेक्षकाला घरात शिरणारा कॅमेरा तसा नवा नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’मध्ये आदेश बांदेकर घरोघरी जात, मात्र तेथे कौतुक व्हायचे ते घरातल्या बाईचे, भिंतींच्या रंगाला कुणी गुण देत नसे. सजावटीच्या स्पर्धेत परीक्षक घरालाच नापास करतो. आयुष्यभराच्या बचतीतून आणि गृहकर्जातून वन-आरके किंवा वन-बीएचके घेतलेल्या माणसाला ही गोष्ट लागते. आपले घर त्याला एकाएकी जुनाट वाटू लागते.

कॅमेऱ्याला न दिसणारे

२०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. खाडी, मिठागरे आणि समुद्र यांच्या कुशीतल्या या शहरात घराचा खरा शत्रू जुनाट रंग नव्हे, तर ओल आहे. खारी हवा आणि झिरपते पाणी काँक्रीटमधील सळ्यांपर्यंत पोचले, की त्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे वरचे काँक्रीट फुगते, तडकते आणि त्याचे पोपडे पडू लागतात. नेमक्या याच खुणा पडद्यावरच्या लाडक्या पीओपीच्या फॉल्स सीलिंगआड झाकल्या जातात. छत सुंदर दिसते. पण धोक्याची सूचना देणारा डाग दिसेनासा होतो.

वेळेचेही तसेच. नव्या गिलाव्याला काही दिवस पाणी मारावे लागते आणि तो पुरता वाळल्याशिवाय पुट्टी व रंग टिकत नाहीत. न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग केल्यावर पाणी साठवून एक-दोन दिवस गळती तपासावी लागते. ‘दोन दिवसांत कायापालट’ या घोषणेत ही कामे बसतच नाहीत. म्हणूनच तेथे भर असतो तो रंग, पडदे, प्लायवूड आणि दिव्यांवर. शिवाय पडद्यामागची माणसे, साहित्य पुरवणारे प्रायोजक आणि पुन्हा करावी लागलेली कामे यांचा हिशेब सांगितलेल्या खर्चात किती धरला आहे, हे प्रेक्षकाला कळत नाही. त्याच आकड्यावर विसंबून सुताराशी घासाघीस करणाऱ्याची पुढे निराशाच होते.

सर्वांत गंभीर प्रश्न आहे भिंत पाडण्याचा. पडद्यावर ‘मोकळी जागा’ मिळवण्यासाठी भिंत सहज पाडली जाते. तिच्याआड खांब वा तुळई आहे का, हे अभियंत्याने तपासल्याचे दृश्य क्वचितच दिसते. घाटकोपरची सिद्धी साई ही इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ जण दगावले. तळमजल्यावरील नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जणांचा बळी गेला. ती इमारत अनधिकृत होती. तिची कथा नूतनीकरणाची नाही. पण जिथे मूळ बांधकामाचीच खात्री नाही, तिथे आतली सजावट किती तकलादू ठरते, हे तिने दाखवून दिले.

नियम काय सांगतो

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत फेरफार करण्यापूर्वी व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी लागते. इमारत १५ ते ३० वर्षांची असल्यास दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनी असल्यास दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करून घ्यावी, असेही त्यात म्हटले आहे. गच्चीतून होणारी गळती थांबवणे संस्थेचे काम. न्हाणीघर किंवा मोरीतून होणाऱ्या गळतीचा खर्च मात्र सभासदांचा. आपली नवी फरशी खालच्याच्या छताला भोवू शकते, ही साधी गोष्ट एकट्या घराभोवती फिरणारे कार्यक्रम सांगत नाहीत.

याचा अर्थ ते पाहूच नयेत असा नाही. रंगसंगती, उजेडाची योजना, पलंगाखालचे कप्पे, भिंतीतली कपाटे, छोट्या स्वयंपाकघरातली मांडणी यांच्या कितीतरी उपयुक्त कल्पना त्यांत असतात आणि लहान घरांच्या शहराला त्या हव्याच आहेत. फक्त क्रम ध्यानात ठेवायला हवा : आधी गळती, मग गिलावा, शेवटी रंग. आणि भिंतीला हातोडा लावण्यापूर्वी अभियंत्याचा शब्द. पडद्यावरच्या घराला टाळ्या मिळाल्या की त्याचे काम संपते. वसई-विरारच्या घराला मात्र जूनपासून पुढचे चार महिने पावसात उभे राहायचे असते.