दोन हजार वाचवा, आधी पत्ता नीट भरा

ई-पासपोर्टची बातमी आली आणि तिच्या मागोमाग व्हॉट्सॲपवर तिचं पिल्लू फिरू लागलं: जुना पासपोर्ट रद्द होणार, चिपवाला घ्या, लवकर घ्या. यातलं पहिलं वाक्य साफ खोटं आहे. हातातला पासपोर्ट त्याच्यावरच्या तारखेपर्यंत चालतो. चिपवाला, मुखपृष्ठावर खाली छोटं सोनेरी चिन्ह असलेला पासपोर्ट नूतनीकरणाची वेळ येईल तेव्हा आपोआप मिळेल. १ एप्रिल २०२४पासून नागपूर आणि भुवनेश्वरला झालेली चाचणी, २०२५मध्ये देशभर लागू झालेली नवी यंत्रणा, आपल्या नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये होणारी छपाई हे सगळं वाचून झालंच असेल. चिपबद्दल आणखी काही लिहीत नाही.

लोकांचे खरे प्रश्न दोनच असतात. पोस्टाने होत नाही का? आणि लवकर कसा मिळेल? हेच प्रश्न भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरीत उभं राहून विचारले, की उत्तर दादर-कोथरूडपेक्षा वेगळं येतं.

पोस्टाचं आधी संपवू. पासपोर्ट पोस्टाने येतो. अर्ज पोस्टाने जात नाही. अर्ज आणि शुल्क ऑनलाइन, पण भेटीची वेळ घेऊन केंद्रावर स्वतः जावं लागतं. तिथे ए, बी, सी अशा तीन खिडक्या. पहिलीवर टीसीएस या खासगी कंपनीचे कर्मचारी कागद स्कॅन करतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. पुढच्या दोन्हींवर सरकारी अधिकारी मूळ कागद तपासतात आणि मंजुरी देतात. आपण नूतनीकरण म्हणतो खरं, पण जुन्या पुस्तिकेची मुदत वाढत नाही. नवी पुस्तिका, नवा क्रमांक. जुनी रद्दचा शिक्का मारून परत देतात. तिच्यात अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर ती जपून ठेवायची आणि प्रवासात दोन्ही न्यायच्या.

आता गंमत बघा. न्यू जर्सीत एडिसनला राहणारा, अजून भारतीय पासपोर्ट बाळगणारा मराठी माणूस घरीच अर्ज भरतो, फोटो लावतो, कागद नोटरी करून घेतो आणि जुन्या पासपोर्टसकट पाकीट कुरियरने व्हीएफएस या कंपनीच्या अर्ज-केंद्राला पाठवून देतो. नवा पासपोर्ट कुरियरनेच घरी येतो. म्हणजे भारताचा पासपोर्ट टपालाने नूतनीकरण करून मिळतो, फक्त त्यासाठी भारताबाहेर राहावं लागतं! वज्रेश्वरीच्या माणसाने मात्र एक दिवसाचा धंदा बुडवून ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये जायचं. याला कारणं आहेत, ठसे हे त्यातलं मोठं कारण. पण मग त्या पाकिटातून ठसे कसे जातात, असं कोणी विचारलं तर गप्प बसावं लागतं.

लवकर मिळण्याचं काय? इथे बहुतेक जण एकच शब्द उच्चारतात: तत्काळ. माझं मत सरळ आहे. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या पट्ट्यातल्या माणसाचा पासपोर्ट अडला, तर पैशांच्या आधी पत्ता तपासावा. इथला पत्ता हे एक प्रकरणच आहे.

तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे. आता पिनकोड बघा: ४०१२०४. भिवंडी शहराचा पिन ४२१३०२, म्हणजे कल्याणच्या बाजूच्या मालिकेतला. वज्रेश्वरीचा पिन वसईच्या मालिकेतला: वसई ४०१२०१, नालासोपारा ४०१२०३, वज्रेश्वरी ४०१२०४, गणेशपुरी ४०१२०६. टपालखात्याच्या हिशेबात हे गाव वसईचं आणि महसूलखात्याच्या हिशेबात भिवंडीचं. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा वसई आणि वाडा तिकडे गेले, भिवंडी तालुका ठाण्यातच राहिला. पिनकोड जागचे हलले नाहीत. त्यामुळे ४०१ने सुरू होणारा पिन दिसला की सायबर कॅफेतला पोरगा सवयीने जिल्हा पालघर टाकतो, आणि तालुका भिवंडी दिसला की पिन ४२१चा टाकतो. दोन्ही चूक.

पोलिसांची हद्द आणखी तिसरीच. भिवंडी शहर ठाणे पोलीस आयुक्तालयात. वसई-विरारची बाजू ऑक्टोबर २०२०पासून मिरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयात. वज्रेश्वरी या दोन्हींत नाही. ते ठाणे ग्रामीणमध्ये, गणेशपुरी पोलीस ठाण्याच्या हद्दीत. अर्ज भरताना पत्त्याच्या रकान्यात पोलीस ठाण्याची यादी उघडते. तिच्यात भिवंडी हे नाव एकाहून अधिक वेळा भेटतं: शहराचं वेगळं, तालुक्याचं वेगळं. ‘आमचा तालुका भिवंडीच की’ म्हणून ते निवडलं, की चौकशीचा कागद भलत्याच ठाण्यात जाऊन पडतो. तिथला हवालदार म्हणतो आमच्या हद्दीत नाही, कागद परत फिरतो, आणि अर्जदार इकडे दिवसातून चार वेळा मोबाइलवर स्थिती बघत बसतो. यात कुणी लाच मागितलेली नसते, कुणी कामचुकारपणा केलेला नसतो. यादीत एक ओळ वर बोट पडलेलं असतं, इतकंच.

नूतनीकरणात पोलीस चौकशी होतेच असं नाही. ती करायची का, आणि पासपोर्ट देण्याआधी की नंतर, हे मंजुरी देणारा अधिकारी कागद पाहून ठरवतो. नाव तेच, पत्ता तोच, जुना पासपोर्ट शाबूत, तर काम हलकं. पत्ता बदलला की चौकशीची शक्यता वाढते. आणि इथे एक मेख आहे. पत्ता बदलला म्हणजे घर बदललं असंच नव्हे. जुन्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ‘देवळाजवळ, वज्रेश्वरी’ आणि आधारवर घर क्रमांक, आळी, ‘मु. पो. वज्रेश्वरी’ असलं, तरी संगणकाला ते दोन वेगळे पत्ते. माणूस जन्मल्यापासून त्याच ओट्यावर बसलेला असतो. म्हणून अर्ज भरण्याआधी आधार, मतदार ओळखपत्र आणि जुना पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून पत्ता अक्षर न् अक्षर जुळवून बघावा. आधारवरचा पत्ता दुरुस्त करायचा तर तो आधी करावा आणि मगच पासपोर्टकडे वळावं. हा क्रम उलटा केला की सहा-सात दिवसांचं काम महिन्यावर जातं.

चौकशीसाठी पोलिसांना २१ दिवसांची मुदत ठरवून दिलेली आहे. अर्जदाराने यासाठी कुणालाही एक पैसा द्यायचा नसतो. ‘चहापाणी’ हे शुल्क कुठल्याही नियमावलीत नाही, हे लिहिण्याची वेळ अजून यावी याचं वाईट वाटतं. तुम्ही करायचं ते एवढंच: फोन उचलायचा, घरी सापडायचं, आणि शेजारच्याला सांगून ठेवायचं. ‘दिलेल्या पत्त्यावर आढळला नाही’ हा शेरा भिवंडीत कारखान्यावर दिवस काढणाऱ्या माणसाच्या वाट्याला हमखास येतो.

आता तत्काळकडे येऊ. छत्तीस पानी पासपोर्टचे साधे १,५०० रुपये, तत्काळचे वर २,००० म्हणजे एकूण ३,५००. पूर्वी तत्काळसाठी बड्या अधिकाऱ्याचं पडताळणी प्रमाणपत्र लागायचं. लोक आमदाराच्या पीएच्या ओळखीने तहसीलदारापर्यंत पोचायचे. जानेवारी २०१८मध्ये ती अट गेली. आता ठरावीक यादीतले तीन कागद दाखवले की झालं. बदल चांगला आहे, पण दोन हजारांत नक्की काय विकत मिळतं ते समजून घ्या. भेटीची तारीख लवकर मिळू शकते आणि पोलीस चौकशी नंतर होऊ शकते. नूतनीकरणात चौकशी मुळातच आधी होणार नसेल, तर साध्या अर्जाचा पासपोर्टही मंजुरीनंतर साधारण आठवडाभरात हातात पडतो. ज्याचं विमान परवाच्या रात्रीचं आहे त्याने तत्काळ घ्यावं. बाकीच्यांनी घाई केल्याच्या समाधानापोटी दोन हजार घालवू नयेत. आणि पासपोर्ट ओळखू न येण्याइतका फाटला असेल, नावात मोठा बदल असेल, तर तत्काळ मिळतच नाही.

तारीख लवकर मिळवण्याचा फुकटचा उपाय जून २०१८पासून आहे, आणि तो अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. पासपोर्टचा अर्ज देशातल्या कुठल्याही केंद्रात करता येतो. ठाण्याच्या तारखा भरलेल्या असतील तर नाशिक बघा, मालाड बघा. मुलगी पुण्याला शिकते, तिने सुट्टी काढून इकडे यायची गरज नाही. चौकशी अर्जातल्या पत्त्यावर होते, पासपोर्टही तिथेच येतो. तारीख चुकली तर वर्षभरात तीन वेळा बदलून घेता येते.

या सगळ्या सुधारणांमागच्या एका मराठी माणसाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. ज्ञानेश्वर मुळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं अब्दुल लाट हे त्यांचं गाव. १९८३च्या तुकडीचे परराष्ट्र सेवेतले अधिकारी, मराठीत कविता आणि आत्मकथन लिहिणारे, न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत राहिलेले. २०१६च्या सुमारास ते दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयात सचिव म्हणून आले आणि पासपोर्टचं खातं त्यांच्याकडे आलं. मंत्री होत्या सुषमा स्वराज. देशभरात पासपोर्ट सेवा केंद्रं होती ७७. खेड्यातून आलेल्या माणसालाच पडावा असा प्रश्न त्यांना पडला असणार: पोस्ट गावागावात आहे, मग पासपोर्टच तेवढा शहरात का? जानेवारी २०१७मध्ये म्हैसूर आणि गुजरातेतल्या दाहोदच्या टपाल कार्यालयांत पहिली पासपोर्ट केंद्रं उघडली. आज अशी केंद्रं चारशेच्या वर आहेत. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘पासपोर्ट मॅन’ म्हणायला सुरुवात केली ती उगाच नव्हे.

त्याच काळातला, डिसेंबर २०१६चा एक नियम वज्रेश्वरी-गणेशपुरीकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. साधू-संन्याशांना अर्जात आईवडिलांच्या जागी गुरूचं नाव लावता येतं. फक्त मतदार ओळखपत्र, पॅन, आधार यांपैकी एखाद्या कागदावर तेच नाव हवं. नित्यानंदस्वामींच्या समाधीमुळे आणि मुक्तानंदांच्या आश्रमामुळे गणेशपुरीला परदेशी भक्त गेल्या अर्धशतकापासून येतात. पूर्वाश्रम सोडलेल्या माणसाला सरकारी अर्जातला ‘वडिलांचे नाव’ हा रकाना किती छळत असेल, याची कल्पना ज्याने नियम केला त्याला होती.

पण मुळेंच्या काळात सरकारने धरलेलं माप होतं पन्नास किलोमीटरचं. कुणालाही पासपोर्टसाठी त्याहून लांब जावं लागू नये. नकाशावर ठेवलं तर वज्रेश्वरी ते ठाणे हे अंतर पन्नासच्या आतच भरतं. म्हणजे कागदोपत्री या गावाची सोय झालेली आहे. भिवंडी-वाडा रस्ता ज्याने पावसाळ्यात पाहिलाय आणि भिवंडीपुढे कंटेनरच्या रांगेत ज्याने तास काढलेत, त्याला हे माप दाखवायची कुणी हिंमत करू नये. सकाळी साडेनऊची वेळ मिळाली तर माणूस पहाटेच्या एसटीला उभा राहतो.

वज्रेश्वरीत टपाल कार्यालय आहे. देशात अशी दीड लाखाहून अधिक आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांत बोटांचे ठसे घेऊन आधारची कामं होतात. ठसे घेण्याचं यंत्र पोस्टात आहे, स्पीड पोस्ट पोस्टाचीच आहे, विश्वासही पोस्टावरच आहे. नाव, पत्ता, काहीच बदललेलं नाही असं साधं नूतनीकरण तालुक्याच्याच काय, मोठ्या गावच्या पोस्टातही व्हायला हरकत कसली? पहिल्या पासपोर्टसाठी अधिकाऱ्यासमोर बसवा, ते समजू शकतो. दहा वर्षांनी त्याच माणसाला, त्याच ठशांसाठी, पुन्हा ठाण्याला का बोलावता? मुळेंनी अर्धा रस्ता बांधला. उरलेला अर्धा बांधायला कुणी पुढे आलेलं दिसत नाही.

भिवंडी तालुक्यातून आखाताकडे कामाला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. जुन्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशगमनाला मंजुरी लागेल असा शेरा असेल आणि मधल्या काळात दहावी झाली असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी दहावीचं प्रमाणपत्र सोबत न्या. ईसीआर निघाला की १८ देशांसाठी लागणारी परदेशगमनाची वेगळी मंजुरी टळते. हजला किंवा नोकरीला निघालेल्यांनी सहा महिन्यांच्या मुदतीचा नियमही विसरू नये: बरेच देश प्रवासाच्या दिवशी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक मागतात. मुदत संपण्याच्या वर्षभर आधी अर्ज करता येतो. तो तेव्हाच करून टाकावा.

आणि शेवटी पोस्टमन. रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, त्याची हळहळ बरीच झाली. पासपोर्ट मात्र आधीपासून स्पीड पोस्टनेच येतो. तो ज्याच्या नावचा त्याच्याच हातात देतात, ओळखपत्र बघून. गावात पोस्टमन सगळ्यांना ओळखतो, म्हणून ‘आईकडे देऊन जा’ असं सांगायचा मोह होतो. त्याने नाही म्हटलं तर त्याच्यावर चिडू नका. अर्जात मोबाइल क्रमांक स्वतःचा टाका, एजंटचा नको. नाहीतर पाकीट निघाल्याचा मेसेज भिवंडीच्या एखाद्या दुकानात वाजतो आणि तुम्हाला पत्ताच नसतो. घर बंद असलं तर पाकीट काही दिवस पोस्टात थांबतं, मग पासपोर्ट कार्यालयाकडे परत जातं. ते कार्यालय ठाण्यात नाही, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे.