बंगल्यामागचा तलाव किती खोल असावा?

मनोर परिसरात वाडीत, बंगल्यामागे पोहण्याचा तलाव बांधण्याची हौस वाढली आहे. परवा एक गृहस्थ नकाशाच घेऊन दवाखान्यात आले. "डॉक्टरसाहेब, ८ फूट खोल ठेवतोय. मुलांना सूर मारता येतील."

मी म्हटले, ८ फूट दोन्हीकडून वाईट. सूर मारायला किमान ९ फूट पाणी हवे. कमी पाण्यात डोके तळावर आपटून मानेचा मणका मोडतो, हातपाय कायमचे लुळे पडतात. आणि पोहता न येणाऱ्याचे पाय ८ फुटांत टेकत नाहीत. घरच्या तलावाला एका टोकाला ३ व दुसऱ्या टोकाला साडेचार फूट पुरे, उतार हळूहळू. सूर मारायला मात्र सक्त बंदी. शिवाय २० बाय १० फुटांच्या तलावात प्रत्येक जादा फुटाला साडेपाच हजार लिटरांवर पाणी लागते. मे महिन्यात आपल्या विहिरीला विचारून पाहा!

मात्र उथळ म्हणजे निर्धोक नव्हे. दोन वर्षांचे मूल फूटभर पाण्यातही बुडते, बहुधा आवाज न करता. म्हणून चारही बाजूंनी ४ फुटी कुंपण, आपोआप मिटणारे फाटक आणि हाताच्या अंतरावर एक मोठे माणूस हवेच.

गृहस्थांनी ८ चा आकडा तिथेच खोडला. कुंपणाचा खर्च मात्र त्यांना अजून जड वाटतो आहे.