भांडवल आणि लोकशाही – ७ : मताची हद्द

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राजकीय पक्षांना निनावी देणगी देण्याची निवडणूक रोख्यांची योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. या खटल्यातल्या अर्जदारांत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष होता आणि रोख्यांतून पैसा घेणार नाही अशी भूमिका त्याने घेतली होती. त्यामुळे संसदीय लोकशाहीवर भांडवलाचा ताबा असतो या कम्युनिस्ट आक्षेपावर न्यायालयानेच शिक्कामोर्तब केले, असे अनेकांना वाटले. माझ्या मते त्या निकालाने आक्षेपाचा सोपा भाग सिद्ध झाला. अवघड भाग असा की, देणग्या उद्या पूर्ण बंद झाल्या, सगळे मंत्री धुतल्या तांदळासारखे निघाले, तरीही निर्वाचित सरकारला भांडवलाच्या कलाने चालावे लागेल. हा भाग नीट मांडला नाही, तर कम्युनिस्ट टीका आणि भ्रष्टाचारविरोधी मध्यमवर्गीय संताप यांत काही फरकच उरत नाही.

आधी सोपा भाग पाहू. २०१७ पूर्वी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी देता येत असे आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे हिशेबात दाखवावे लागे. २०१७ च्या वित्त कायद्याने दोन्ही अटी काढल्या. तोट्यातली कंपनीही आता हवी तेवढी देणगी देऊ शकत होती. रिझर्व्ह बँक आणि निवडणूक आयोग यांनी लेखी हरकती घेतल्या होत्या, पण बदल धनविधेयकातून आणल्यामुळे ते अडवण्याचा अधिकार राज्यसभेला नव्हता. रोखे एक हजारापासून एक कोटी रुपयांपर्यंतचे होते, मात्र विकल्या गेलेल्या रकमेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त रक्कम एक कोटीच्या रोख्यांतली होती. एवढ्या एका आकड्यावरूनही योजना कोणासाठी होती ते कळते. रोखे विकणाऱ्या स्टेट बँकेने देणाऱ्या-घेणाऱ्यांची माहिती द्यायला जूनअखेरपर्यंत मुदत मागितली, न्यायालयाने ती नाकारली आणि मार्च २०२४ मध्ये यादी लोकांसमोर आली. एप्रिल २०१९ पासूनच्या काळात भाजपला सुमारे सहा हजार कोटी मिळाले होते. तृणमूल, काँग्रेस आणि भारत राष्ट्र समिती यांनाही प्रत्येकी हजार कोटींहून अधिक मिळाले होते. देणाऱ्यांत मेघा इंजिनिअरिंग ही ९६६ कोटींसह दुसऱ्या क्रमांकाची कंपनी होती. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे सुमारे १४,४०० कोटींचे काम २०२३ मध्ये याच कंपनीकडे गेले. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्याने सौदा सिद्ध होत नाही, आणि तो झाला की नाही हे शोधण्यासाठी मागितलेले विशेष तपास पथक न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये नाकारले.

मला रोख्यांपेक्षा वेदांत प्रकरण अधिक बोलके वाटते, कारण त्यात दोन हाडवैरी पक्ष एकाच बाकावर बसलेले दिसतात. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, वेदांत या ब्रिटिश कंपनीच्या भारतीय उपकंपन्यांकडून देणग्या घेऊन भाजप आणि काँग्रेस या दोघांनीही परकीय देणगी नियमन कायदा मोडला आहे. पुढे कारवाई व्हायला हवी होती. ती होण्याऐवजी २०१६ च्या वित्त कायद्यात परकीय स्रोताची व्याख्याच बदलली आणि हा बदल २०१० पासून लागू केला. मग लक्षात आले की वादातल्या देणग्या त्याआधीच्या, म्हणजे १९७६ च्या कायद्याखालच्या आहेत. तेव्हा २०१८ च्या वित्त विधेयकात आणखी एक दुरुस्ती घालून ही सूट थेट ५ ऑगस्ट १९७६ पासून लागू केली. हे विधेयक लोकसभेत गदारोळात, चर्चेविना मंजूर झाले. बेचाळीस वर्षे मागे जाऊन कायदा बदलला गेला आणि त्याचा लाभ सरकार पक्ष व मुख्य विरोधी पक्ष दोघांनाही झाला. नागरिकाच्या हातात असलेला पर्याय म्हणजे यांना हटवून त्यांना आणणे, आणि नेमका तोच पर्याय इथे निकामी होता.

यावर रास्त हरकत घेतली जाते की पैसा म्हणजे विजय नव्हे. खरे आहे. रोख्यांतून बाराशे कोटींहून अधिक मिळवणारी भारत राष्ट्र समिती २०२३ च्या अखेरीस तेलंगणात हरलीच. मतदार पैशाला विकला जातो असे मानणे हा मतदाराचा अपमान आहे, आणि काही डावे कार्यकर्ते तो नकळत करत असतात. पण भांडवलाला एकाच पक्षाचा विजय नकोच असतो. म्हणून तर एकेक कंपनी चार-चार पक्षांना पैसे देते. कोणीही निवडून आले तरी काही प्रश्न पटलावर येऊ नयेत, एवढे तिला पुरते.

आता अवघड भाग. २० सप्टेंबर २०१९ रोजी पणजीत वस्तू व सेवा कर परिषदेची बैठक होती. तिच्याआधी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पत्रकारांसमोर जाहीर केले की कंपनी कराचा मूळ दर तीस टक्क्यांवरून बावीस टक्क्यांवर आणला जात आहे आणि नव्या कारखानदारी कंपन्यांसाठी तो पंधरा टक्के असेल. सरकारच्याच अंदाजाने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सुटणार होता. त्याच दिवशी सेन्सेक्स १,९०० अंकांहून जास्त वर गेला. बदल अध्यादेशाने झाला, संसदेने त्यावर नंतर, डिसेंबरमध्ये मोहोर उठवली. अर्थसंकल्प मंजूर होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. इथे कोणी लाच दिली, कोणाला फोन केला, असे काही शोधायची गरजच नाही. विकासदर पाच टक्क्यांवर घसरला होता, खासगी गुंतवणूक थंड होती. कारखाना काढायचा की नाही, कामगार घ्यायचे की कमी करायचे, हा निर्णय ज्यांच्या हातात आहे त्यांनी हात आखडला की रोजगार घटतो, करवसुली घटते, आणि पाच वर्षांनी जनता जाब विचारते सरकारला. निर्णय एकाचा आणि जबाबदारी दुसऱ्याची, अशी ही रचना आहे. त्यामुळे गुंतवणूकदाराला खूश ठेवणे ही प्रामाणिक मंत्र्याचीही गरज होऊन बसते.

याचा सर्वात कडू पुरावा खुद्द कम्युनिस्टांच्याच घरात आहे आणि तो टाळून पुढे जाणे बेइमानी ठरेल. मे २००६ मध्ये पश्चिम बंगालमध्ये डावी आघाडी २९४ पैकी २३५ जागा जिंकून सातव्यांदा सत्तेवर आली. भूमिसुधारणा करून कसणाऱ्याला हक्क देणारी हीच आघाडी. पण निवडणूक होताच तिने टाटांच्या नॅनो प्रकल्पासाठी सिंगूरची ९९७ एकर सुपीक जमीन ताब्यात घेण्याचे ठरवले, आणि त्यासाठी १८९४ चा इंग्रजी अमलातला कायदा वापरला. विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलीस घातले गेले. मार्च २००७ मध्ये, दुसऱ्या एका भूसंपादनाला विरोध करणाऱ्या नंदिग्राममध्ये, पोलिसांच्या गोळीबारात चौदा माणसे मेली. पुढे टाटांनी सिंगूर सोडले, प्रकल्प गुजरातेत साणंदला गेला, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते भूसंपादनच रद्द केले. त्या सरकारला नेत्यांच्या नैतिक घसरणीने पछाडले होते, असे म्हणून प्रश्न सुटत नाही. बंगालला रोजगार हवा होता, गुंतवणूक कुठे करायची हे टाटा ठरवणार होते, आणि आमच्याकडे या म्हणायला दुसरी राज्ये उभी होती. लाल झेंडा हातात असूनही सरकारपुढची वाट तीच राहिली. नंदिग्रामचा दोष मात्र रचनेवर ढकलता येणार नाही. गोळी चालवण्याचा हुकूम रचना देत नाही.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. संसद इतकी बांधलेली असेल, तर शेती कायदे मागे कसे घेतले गेले? सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालेले हे कायदे नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द झाले. ते मंजूर करताना सभागृहात मतविभागणी झाली नाही आणि रद्द करताना चर्चा झाली नाही. निर्णय घडवला तो दिल्लीच्या सिंघू, टिकरी आणि गाझीपूर या सीमांवर वर्षभर बसलेल्या शेतकऱ्यांनी. तरीही मी हे मान्य करतो की पुढच्या काही महिन्यांत उत्तर प्रदेश आणि पंजाबच्या निवडणुका नसत्या, तर सरकार इतक्या लवकर नमले नसते. महाराष्ट्राची रोजगार हमीही अशीच, १९७२ च्या दुष्काळातल्या मोर्च्यांतून आणि विधिमंडळातल्या कामातून उभी राहिली आणि तिच्यासाठी शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसला. म्हणजे मताला धार आहे. मात्र ती धार लोक संघटित असतात तेव्हाच चालते, आणि तेव्हाही तिची मजल साधारणपणे अन्याय रोखण्यापर्यंत किंवा महसुलातला वाटा मागण्यापर्यंत जाते. बँकांतला पैसा कोणत्या उद्योगात जावा, कारखान्यात काय बनावे, नफ्याचे काय व्हावे, हे ठरवणाऱ्या जागी मत पोहोचतच नाही.

तिथे ते पोहोचवायचे तर संसद मोडा, असा निष्कर्ष विसाव्या शतकात काढला गेला. जानेवारी १९१८ मध्ये बोल्शेविकांनी निवडून आलेली संविधान सभा एका बैठकीनंतर विसर्जित केली. पुढे कारखाने सरकारजमा झाले, पण कारखान्यातल्या कामगाराला व्यवस्थापक बदलण्याचा अधिकार मिळाला नाही आणि सरकार बदलण्याचा होता तोही गेला. भांडवलदाराच्या जागी अधिकारी बसला. ज्यांना वाटते की एकपक्षीय राजवट हे या टीकेचे अटळ टोक आहे, त्यांना एवढेच सांगतो की त्या विसर्जनावर त्याच वर्षी सर्वात नेमकी टीका केली ती जर्मन तुरुंगात असलेल्या रोझा लक्झेंबर्ग या कम्युनिस्ट बाईने. मुद्रणस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य आणि खुल्या निवडणुका यांच्याविना कामगारांचे राज्य चालूच शकत नाही असे तिचे म्हणणे होते. लेनिनकडेही त्याची उत्तरे होती. तो वाद पुढच्या आठवड्यात.