टकळी, चरखा आणि कातणाऱ्याचा वेळ

सूतकताईविषयी आपल्याकडे जे काही लिहिले-बोलले गेले, ते बहुधा भक्तीने किंवा टिंगलीने. चरखा एका राजकारणाचे चिन्ह झाला. पण तो मुळात कामाचे साधन आहे, त्याला वेग आहे, मर्यादा आहे आणि त्याच्यामागे बसणाऱ्या माणसाच्या मजुरीचा प्रश्न आहे, हे मात्र मागे पडले. म्हणून आधी साधन समजून घेऊ आणि मग त्याच्याभोवतीचा समाज पाहू.

कापसाचा तंतू जेमतेम इंचभर लांबीचा. अशा असंख्य तंतूंचे सलग सूत व्हायचे तर तीन क्रिया घडाव्या लागतात. पिंजलेल्या कापसाच्या पेळूतून तंतू ओढायचे, त्यांना पीळ द्यायचा आणि तयार सूत गुंडाळायचे. पीळ बसला की तंतू एकमेकांना घट्ट धरतात. टकळी, चरखा आणि गिरणीतले यंत्र, तिन्ही हेच करतात. फरक आहे तो या क्रिया किती वेगाने होतात आणि माणसाचे किती हात त्यांत अडकतात याचा.

टकळी म्हणजे एक काडी आणि खाली वजनाची चकती. बोटांनी गिरकी दिली की चकतीच्या वजनामुळे ती काही काळ फिरत राहते आणि तेवढ्यात हात तंतू ओढतात. मग थांबून सूत काडीवर गुंडाळायचे आणि पुन्हा गिरकी द्यायची. मोहेंजोदडो-हडप्पाच्या उत्खननात टकळीच्या चकत्या सापडल्या आहेत, इतके हे साधन जुने. ते स्वस्त आहे, जागा अडवत नाही, मेंढ्यांमागे चालतानाही चालवता येते. पण प्रत्येक गिरकीमागे काम थांबते.

चरख्याने ही गिरकी चाकाकडे दिली. मोठ्या चाकावरून माळ चातीवर येते. चाक २० इंच व्यासाचे आणि चातीवरची माळेची जागा अर्धा इंच व्यासाची असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात चाती ४० वेळा फिरते. धागा चातीच्या टोकाशी तिरपा धरला की प्रत्येक फेऱ्याला तो टोकावरून निसटतो आणि पीळ पडतो. हातभर सूत झाले की चाक किंचित उलटे फिरवायचे, धागा चातीशी काटकोनात आणायचा आणि चाक सुलटे फिरवून तो गुंडाळायचा. वेग वाढला, पण एक हात चाकात गुंतला. तंतू ओढायला एकच हात उरला, म्हणून चरख्याला पेळू चांगला, एकसारखा लागतो.

तेव्हा चरखा पुढचा आणि टकळी मागासलेली, असे सरसकट म्हणता येत नाही. ढाक्याच्या मलमलीचे अतितलम सूत चरख्यावर निघत नसे. ते सुईसारख्या बारीक टकळीवर, तिचे टोक शिंपल्यात टेकवून कातत. लोंबत्या टकळीचे वजन इतक्या नाजूक धाग्याला पेलले नसते, टेकवलेल्या टकळीचे वजन शिंपला पेलतो. हवा दमट असते त्या वेळी, पहाटे किंवा सांजवेळी, स्त्रिया हे काम करीत. साधन साधे, कौशल्य मात्र असामान्य. ते कापड राजवाड्यात गेले आणि कातणारीचे नाव कुठेच उरले नाही.

आता हिशेब मांडू. नऊवारी जाडेभरडे लुगडे घ्या. पन्हा ४५ इंच, इंचाला ४० धागे उभे आणि ४० आडवे. उभे धागे १८००, प्रत्येकी ९ यार्ड, म्हणजे १६,२०० यार्ड. आडव्यालाही तेवढेच. एकूण ३२,४०० यार्ड सूत. चरख्यावर तासाला ३०० यार्ड धरले तर १०८ तास लागतात, म्हणजे आठ तासांचे साडेतेरा दिवस. टकळीवर निम्मा वेग धरला तर सत्तावीस दिवस. पिंजणे आणि विणणे वेगळेच. एका मागाला सूत पुरवायला अनेक कातणारे हात लागतात, ते यामुळे.

हे हात कोणाचे होते? बहुतांशी स्त्रियांचे. आपल्या देशातील चरख्याचा जो जुना, स्पष्ट लेखी उल्लेख इतिहासकार दाखवतात, तो इसामीच्या १३५० च्या सुमारास दख्खनमध्ये लिहिलेल्या फारसी काव्यातला. इसामी दौलताबादला येऊन राहिलेला. रझिया सुलतानविषयी लिहिताना तो सांगतो की स्त्रीची जागा सिंहासनावर नसून चरख्याशी आहे. म्हणजे चरखा आपल्या इतिहासात दिसतो तो साधन म्हणून आणि त्याच वेळी माणसाला त्याच्या ‘जागेवर’ बसवण्याची आज्ञा म्हणूनही. जातिव्यवस्थेची भाषा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही भाषा ओळखायला वेळ लागणार नाही.

विसाव्या शतकात चरख्याला प्रतिष्ठा मिळाली. १९२५ साली चरखा संघ निघाला आणि १९३७ च्या वर्धा शिक्षण योजनेने टकळी शाळेत आणली. पण प्रतिष्ठा आणि मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९३५ साली खुद्द गांधींनीच कातणारणीला तासाला एक आणा मिळावा, असे सुचवले. तो दर खादीला पेलला नाही. हा केवळ कोणाच्या दुष्टपणाचा भाग नव्हता. वरचा १०८ तासांचा हिशेबच आडवा येतो. पोटापुरती मजुरी द्यावी तर कापड गरिबाला घेता येत नाही आणि कापड स्वस्त ठेवावे तर कातणारीच उपाशी राहते.

मग यंत्राने प्रश्न सुटला का? गिरणीत शेकडो चात्या एकदम फिरू लागल्या, पण यंत्राला जात कळत नसली तरी खात्यांना कळत होती. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना कताईच्या रिंगखात्यात घेत. जास्त मजुरीचे विणकामाचे साचेखाते त्यांना बंद. कारण असे सांगत की, धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्याने विटाळ होतो. विदर्भात महार समाजातील कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जाडे कापड विणत आली होती. विणण्याचे कसब असलेल्या समाजाला मुंबईत मागापाशी उभे राहता येत नव्हते. १९२८ च्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. तोवर तो कामगार चळवळीच्या मागण्यांत नव्हता.

तरीही बाबासाहेबांनी यंत्र नाकारले नाही. १९४५ च्या गांधीवादावरील विवेचनात त्यांनी सांगितले की, माणसाला राबण्यातून सवड मिळाल्याखेरीज संस्कृती संभवत नाही आणि ती सवड यंत्र देऊ शकते. दोष यंत्रात नसून, त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेत आहे.

शाळेत टकळी दाखवावी, चरखाही दाखवावा. त्यातून पीळ, वेग आणि गुणोत्तर उत्तम शिकवता येते. मात्र त्यासोबत १०८ तासांचे गणितही फळ्यावर मांडावे आणि मुलांना विचारावे, हे तास कोणाचे होते, त्यांची किंमत कोणी ठरवली आणि त्या सुताचे कापड विणण्याचा हक्क कोणाला नव्हता. साधनाचा इतिहास या तीन प्रश्नांवाचून पुरा होत नाही.