सिकलसेलचे दुखणे

रोवणीचे दिवस आले की आमच्या वॉर्डात सिकलसेलची मुले वाढतात. भिजणे, गारठा, कामात पाणी प्यायचे विसरणे, एवढे निमित्त पुरते. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढे प्राणवायू पोचत नाही. म्हणून ते दुखणे. बाहेरून जखम दिसत नाही, त्यामुळे घरचे म्हणतात, 'सोंग करतो.' सोंग नसते. (नव्या सिस्टरांनाही हे मला पुन्हा पुन्हा सांगावे लागते.)

परवा एका माडिया मुलाला वडिलांनी खाटेवर घालून आणले. पाय दुखतो म्हणून गावात कुणी थंड पट्ट्या बांधल्या होत्या. थंडीने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. पट्ट्या सोडल्या, घोंगडी दिली. डॉक्टरांनी लिहिलेले वेदनाशामक औषध ठरल्या वेळी दिले, दुखणे परत चढायची वाट पाहिली नाही. पाणी थोडे थोडे पाजून किती गेले ते लिहीत राहिलो. ताप आणि श्वासाकडे रात्रभर लक्ष होते; छातीत दुखून धाप लागली तर जिवावर बेतते.

तिसऱ्या दिवशी तो उठून बसला. आजार मात्र जन्मभराचा. हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज घ्यायची, अधूनमधून रक्त तपासायचे, आणि घर नदीपलीकडे. पूर आला की वाट बंद. म्हणून डॉक्टरांना विचारून जास्तीच्या गोळ्या बांधून दिल्या.

निघताना वडील म्हणाले, "ताई, धाकटीचेही रक्त बघायचे का?"

सोमवारी ते तिला घेऊन येणार आहेत.